पुढे ढकललेला सामना

अल मलाझमधली ती इमारत अजून उभी आहे, यावर माझा विश्वासच बसेना. रियाधमध्ये इतकं पाडलं गेलं आणि इतकं नव्याने उभं राहिलं, की आमच्या वेळचं काही दिसेल ही आशा मी विमानात बसण्याआधीच सोडून दिली होती. पण लेकीने गाडी एका गल्लीत वळवली आणि समोर तीच तीन मजली इमारत. रंग पिवळा होता; आता त्याला रंग म्हणायचं तर जरा मन मोठं करावं लागेल. दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्याखाली एसीसाठी पाडलेलं भगदाड, आता विटांनी बुजवलेलं. खाली बेकरी होती, तिथे मोबाइलचं दुकान झालंय.

लेक या शहरात नोकरी करते. तिचे वडील गेल्यापासून ती मला बोलावत होती, आणि मी दर वेळी गुडघ्याचं कारण पुढे करत होते.

"आई, काय बघायचंय इथे? नॉर्मल बिल्डिंग आहे," ती म्हणाली.

"तू राहिली आहेस इथे."

"मी? मी तर नाशिकला जन्मले."

"जन्मलीस नाशिकच्या दवाखान्यात. त्याआधी इथे राहत होतीस. फुकट."

ती हसली, एसी वाढवला आणि फोन बघत बसली. मी माझ्या बाजूची काच खाली केली. तापलेल्या सिमेंटचा वास आला, कुठूनतरी वेलची घातलेल्या कॉफीचा आला, आणि त्यांच्या पाठोपाठ भाजलेल्या जिऱ्याचा. हा शेवटचा मात्र गल्लीत नव्हता, माझ्या डोक्यातच होता.

तेलाच्या पैशाने ते शहर तेव्हा नुसतं उकरलं जात होतं. सकाळी जिथे रस्ता असे तिथे संध्याकाळी खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर कुठल्या कुठल्या देशांची माणसं डोक्याला फडकी गुंडाळून उभी. चहाचा कप खिडकीत ठेवला तर त्यावर सायीऐवजी धूळ धरायची. हे पाण्याच्या मोठ्या नळांच्या कामावर इंजिनिअर होते. मी लग्न होऊन सिन्नरहून आले ती थेट या दुसऱ्या मजल्यावर. बाईमाणसाने एकटीने बाहेर पडायचं नाही, त्यामुळे माझं रियाध म्हणजे ती खिडकी, बेकरीतून वर येणारा गरम रोटीचा वास, पाच वेळची बांग, आणि शेजारची हमीदा.

हमीदा खेडकडची. तिचा नवरा यांच्याच कंपनीत फोरमन होता. पहिल्या दिवशी तिने दार वाजवून विचारलं, "मराठी काय गो तू?" आणि मी हो म्हणताच तिने मला मिठीच मारली. पुढे मिठावरून, तिखटावरून, खोबरं किती घालावं यावरून आमची रोज जुंपायची. घाटावरच्या बायकांना नारळ वापरता येत नाही, हे तिचं ठाम मत होतं. मतं सगळीच ठाम होती तिची.

आणि आमच्या घरात तिसरा होता तो रेडिओ.

लग्नाआधी आधीच्या नोकरीत असताना यांना ट्रेनिंगसाठी ताश्कंदला पाठवलं होतं. तिथून यांनी एक केसाळ टोपी आणली, जी सिन्नरच्या उन्हाळ्यात कुणाच्या कामाची नव्हती, आणि फुटबॉलचं वेड आणलं. सुट्टीच्या दिवशी तिथलं सगळं गाव म्हणे खेळ बघायला लोटायचं. पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या, खरबुजाच्या फाका खायच्या, बाहेर कढईत जिरं घातलेला मटणाचा भात शिजत असायचा. "त्यांच्यात पण जिऱ्याला झिराच म्हणतात," हे मला दर आठवड्याला एकदा सांगायचे, जणू तो शोध यांनीच लावला होता. ताश्कंदच्या संघाच्या नावाचा अर्थ कापूस वेचणारे असा होता. शेतात राबणाऱ्यांचा संघ, म्हणून तर यांना तो आपला वाटायचा. "आमची पोरं" म्हणायचे. रशियाच्या सगळ्यांत वरच्या स्पर्धेत तो संघ नुकताच चढला होता आणि मोठमोठ्या संघांच्या मध्ये कसाबसा टिकून होता. कीव्ह, मिन्स्क, तिब्लिसी ही सगळी वेगवेगळ्या मुलखांतली गावं. आमच्या लेखी सगळे रशियनच.

सौदीत तेव्हा रशियाचं नावही काढायचं नसे. मॉस्कोचं केंद्र लावणारा माणूस म्हणजे लाल, आणि लाल माणसाला दुसऱ्या दिवशीचं विमान, असं सगळे म्हणत. खरं-खोटं कुणी तपासायला गेलं नव्हतं. ताश्कंदचा शिक्का असलेला जुना पासपोर्ट गावी सासूबाईंच्या ट्रंकेत, टोपीच्या आत गुंडाळून ठेवला होता. पण शॉर्टवेव्हचा मोह काही सुटेना. मग यांनी तोडगा काढला. रेडिओ स्वयंपाकघरात, आवाज बारीक, आणि शेजारी गॅसवर कुकर. कुकरची शिट्टी आणि फुसफुस यांत मॉस्को लपायचं. सामना असला की मला डाळ लावावीच लागे. सामने वाढले की आमच्या घरी डाळीला अंत नसे. हमीदाच्या नवऱ्याने एकदा विचारलंच, "साहेब, तुमच्याकडे रोज पाहुणे असतात का?"

कुणाचे गुण किती, कोण वर, कोण खाली, हे कागदावर लिहायची सोय नव्हती. कागद कुणाच्या हाती लागला तर? मग यांनी माझी मसाल्याची फळी पळवली. कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांत मी सगळा किराणा भरलेला होता, त्यातली एकेक बरणी एकेका संघाला दिली. मॉस्कोचेच पाच संघ, त्यांना पाच डाळी. डोनेत्स्क कोळशाच्या खाणींचं गाव, म्हणून काळी मिरी. बाकू तेलाचं, म्हणून तीळ. मिन्स्कला बर्फ फार, म्हणून साबुदाणा. आणि ताश्कंदला अर्थातच जिरं. सामने झाले की बरण्या पुढे-मागे सरकायच्या. डावीकडची पहिली, उजवीकडची शेवटची. माझ्या फोडणीचं काय व्हायचं ते बघा. तेल तापून धूर निघतोय आणि मी मोहरी शोधतेय, कारण मोहरी काल रात्री हरली.

"अहो, मोहरी कुठे गेली?"

"खाली घसरली. तिच्या लायकीनेच घसरली. उजवीकडे बघ."

मी चिडायचे, पण एक सांगते, त्या चिडण्यात मजा होती. नव्या संसारात हसायला काही लागतं. हळूहळू मलाही त्यातलं कळायला लागलं. रशियन कळायचं नाही, पण निवेदकाचा आवाज चढला की कुठल्या बाजूला चढला हे समजायचं. यांना उशीर झाला तर मी ऐकून ठेवायची, आणि हे दारातून आत येतानाच विचारायचे. नुसता निकाल सांगून कधी भागलं नाही. गोल कुणी केला, पहिल्या भागात की दुसऱ्या, पाऊस होता का. मला काय ठाऊक पाऊस होता का! वसंतात एकदा कुठलासा सामना पुढे ढकलला गेला, तर हे पूर्ण जेवणभर त्यावर बोलले. का ढकलला, कुणी ठरवलं, आता कधी घेणार, घेतील तेव्हा आमची पोरं दमलेली असणार. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही जाऊन विचारून या, भात गार होतोय."

उन्हाळा चढला तेव्हा मला दिवस होते. बाळंतपण माहेरी, हे न बोलता ठरलेलं. आईने सिन्नरहून कळवलंच होतं, की डिंक निवडून ठेवलाय, जुनी लुगडी धुऊन मऊ केलीत, सातव्यात ये. मी रोज मनातल्या मनात तिच्या हातची गरम मेथीची पेज पीत होते. आईचं आणि माझं फार गोडगोड होतं असं नाही. तिला कौतुक करता यायचं नाही. मी पहिली आले तरी "बरं झालं, आता ताक घुसळ" म्हणणारी बाई. पण तिचा हात डोक्यावरून फिरला, की तेलाचा आणि चुलीच्या राखेचा असा काही वास यायचा की मला लगेच झोप यायची. त्या हाताखाली झोपायला मला जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हात आला. दिवसभर शहर मुकं, बेकरी बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सूर्य बुडाला की एकदम सगळीकडून भांड्यांचे आवाज, तळणाचा वास, आणि हमीदाचं झाकलेलं ताट आमच्या दारात. अशा एका संध्याकाळी हे आले आणि बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"सिन्नरहून, तुझ्या घरून तार आलीय. आई आजारी आहेत."

"आजारी म्हणजे?"

"सीरियस असं लिहिलंय."

आखातात राहिलेल्या कुणालाही विचारा, तारेतल्या त्या शब्दाचा अर्थ काय. कामगारांच्या कँपमधल्या पोरांना घरची अशी तार आली की बाकीचे आधी एकमेकांकडे बघत. माणूस गेला तरी तारेत सीरियसच लिहायचं, ही रीत. कारण पोरगं इतक्या लांब एकटं, तिकिटाला, व्हिसाला वेळ लागणार. तोवर त्याच्या तोंडात घास जायला हवा. बातमी टप्प्याटप्प्याने द्यायची. विमानतळावर न्यायला येणाऱ्याने शेवटचा टप्पा सांगायचा. हे मला माहीत होतं. मी यांच्या तोंडाकडे बघितलं आणि स्पष्ट विचारलं, "खरी सीरियस की तारेतली सीरियस?"

"खरी. दवाखान्यात आहेत. मी लगेच व्हिसाचं बघतो."

मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

व्हिसाचं मात्र काही होईना. आमचे पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा तिथला सगळा मुक्काम, तो मालक. तो रमजानसाठी घरच्यांना घेऊन ताइफच्या थंड हवेला गेलेला. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाय टाकता येत नाही. त्याचा कारकून रोज एकच सांगायचा, "बादल ईद." ईदनंतर. हे दिवसातून दोनदा त्या ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. मी बॅग भरून ठेवली होती. त्यात आईसाठी घेतलेली मऊ चादर वर होती. कधी बॅग उघडायची, चादर काढून पुन्हा घडी घालायची, पुन्हा ठेवायची.

चार दिवसांनी हे म्हणाले, दुसरी तार आली, थोडा उतार आहे. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला. हमीदाला द्यायला गेले, तर तिने वाटी घेतली आणि दारातच उभी राहिली. शिऱ्यात साखर जास्त झाली होती. ती काहीच बोलली नाही. एरवी साखरेवरून मला बोलल्याशिवाय राहिली असती का ती?

"उतार पडला तर बरंच की गो बाय," एवढंच म्हणाली आणि आत वळली. रोज्याने दमली असेल, असं मला वाटलं.

त्याच सुमारास ते घडलं. हे साइटवर होते. सूर्य अजून होता. मी कुकर न लावताच रेडिओ लावला, कारण मला मॉस्को नको होतं, लंडनहून लागणाऱ्या हिंदी बातम्या हव्या होत्या. भारतातलं काही सांगतील म्हणून. बातम्यांच्या शेवटाकडे दोन वाक्यांत आलं, की सोविएत संघात आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली, आणि त्यांतल्या एका विमानात ताश्कंदचा फुटबॉल संघ होता. मिन्स्कला सामन्यासाठी निघाला होता. कुणी वाचलं नाही. मग हवामान.

मी रेडिओ बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. फळीवर जिऱ्याची बरणी मधोमध होती. साबुदाण्यापासून थोडी दूर.

आता काय करायचं? हा माणूस दिवसभर उन्हात, संध्याकाळी माझ्यासाठी पायऱ्या झिजवतोय. माझ्या आईच्या काळजीने तोंड एवढंसं झालंय. आणि त्यात हे सांगायचं? तुमची पोरं गेली, सगळीच गेली? मी ठरवलं, नाही सांगायचं. निदान मी सिन्नरला जाईपर्यंत तरी नाही. माझ्या मागे त्यांना कळलं तर तेव्हा कळेल. बातमी टप्प्याटप्प्याने द्यायची असते.

त्या रात्री जेवताना यांनी विचारलं, "मॉस्को लागलं होतं का?"

"लागलं होतं. आपला मिन्स्कचा सामना पुढे ढकललाय."

"अच्छा," हे म्हणाले आणि भातावर ताक घेतलं.

मला हुश्श झालं. पुढचे दिवस मी त्या खोट्यातच गुंतले. मॉस्कोच्या वेळेला रेडिओची बॅटरी संपलेली निघायची. दुसऱ्या संघांचे निकाल मी पदरचे सांगायची, बरण्या जरा इकडे-तिकडे करायची, म्हणजे संशय यायला नको. कुणाला जिंकवायचं, कुणाला हरवायचं, तूर वर न्यावी की मूग, याचा दुपारभर विचार. मॉस्कोने त्या दिवसांत ती बातमी दिली की नाही, मला माहीत नाही. मी त्याला बोलूच दिलं नाही. माझं मलाच नवल वाटतं, की आईची आठवण त्यामुळे जरा मागे सरायची. दिवस जायचा. हे आले की मी आधी फुटबॉलचं सांगायची, मग विचारायची, तार? हे म्हणायचे, आज नाही. उतार आहेच.

ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची तोफ झाली. गल्लीत पोरं ओरडत होती, बेकरीवाल्याने शटर दणकन वर केलं. हमीदाकडे शेवया भाजल्याचा वास पसरला होता. मी फळीसमोर उभी राहून उद्याचा निकाल काय सांगावा याचा विचार करत होते, आणि कुणी हाक मारावी तसं मला ते ऐकू आलं. अच्छा.

अच्छा? एवढंच?

ज्या माणसाने वसंतातल्या एका ढकललेल्या सामन्यावर अख्खं जेवण घालवलं, त्याने या वेळी का म्हणून विचारलं नाही. कुणी ढकलला विचारलं नाही. आता कधी, हेही नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही. बॅटरी रोज कशी संपते, हेही नाही. मी सांगेन ते ऐकून मान हलवत होते. हमीदा साखरेवरून बोलली नव्हती. माझ्या पोटात बाळ हललं. त्याआधी कधी हललेलं मला कळलं नव्हतं. नेमकं तेव्हा हललं.

हे बाहेरच्या खोलीत बसले होते. मी दारात गेले.

"आई गेली ना?"

यांनी वर बघितलं.

"कधी?"

"तार आली त्याच दिवशी. तारेत गेल्याचंच लिहिलं होतं."

"आणि दुसरी तार?"

"दुसरी नव्हतीच."

मी खाली बसले. हे उठून जवळ आले, पण हात लावायचा धीर झाला नाही यांना. मी रडले नाही लगेच. वेड्यासारखं विचारलं, "आणि ताश्कंदचं तुम्हाला कधी कळलं?"

"तुला कळलं त्याच दिवशी. साइटवर ड्रायव्हरच्या रेडिओवर. घरी आलो तर तू सामना ढकलला म्हणालीस. मग मी गप्प बसलो. तू त्यात गुंतली होतीस. तेवढा वेळ आईंचं विचारत नव्हतीस. मला वाटलं, चालू दे. व्हिसा हातात आला की सिन्नरला नेऊन सांगू. पोटात बाळ आहे, इथे कोण आहे तुला सांभाळायला?"

मला यांचा राग आला. फार आला. आणि त्या रागाच्या आतच कळत होतं, की या माणसाने एकट्याने इतके दिवस माझी आईही उरावर घेतली आणि स्वतःची ती पोरंही. वर माझे खोटे निकाल ऐकून घेतले. दोघेही एकाच फळीसमोर उभे राहून एकमेकांना जपत होतो, आणि दोघांकडेही जपण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तेव्हा मी रडले. हे पण रडले. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवसांचं. आणि दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं, तर आमच्याकडे सासूबाई म्हणत, नुसती अंघोळ. अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, झालं. दहा दिवस केव्हाच होऊन गेले होते. तीन दिवस कोपऱ्यात बसून रडायचा हक्कसुद्धा मला उरला नव्हता. सकाळी ईदची नमाज झाल्यावर हमीदा नवे कपडे घालून आली, हातात शेवयांची वाटी. माझं तोंड बघितलं आणि वाटी खाली ठेवली.

"सांगितलंनी काय?"

मी मान हलवली.

"माज्या जिवाला किती घोर होता गो," ती म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली. मग डोळे पुसून कामाला लागली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने आधणासारखं व्हायचं, म्हणून तिने घरातला बर्फ आणून बादलीत टाकला. मला न्हाणीत पाटावर बसवलं. माझ्या आईच्या नावाने काय म्हणायचं असतं, हे तिने विचारलं. मला काही सुचलं नाही. "मग नुसतं आय म्हण," ती म्हणाली, आणि ईदच्या नव्या कपड्यांत माझ्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. मी आई म्हटलं. दर तांब्याला म्हटलं. तिचा कुर्ता भिजला, जरीचा रंग उतरला, तिने बघितलंही नाही.

ईदनंतर कफील आला, सही झाली. आता घाई कसली होती? डॉक्टर म्हणाले, थोडं थांबून सातव्यात जा. मी थांबले. ती बॅग तशीच भरलेली राहिली.

शरदात हे पुन्हा मॉस्को लावायला लागले. रशियातल्या बाकीच्या संघांनी आपापले खेळाडू ताश्कंदला दिले होते, आणि ताश्कंदचा संघ पुन्हा मैदानावर उतरला होता. निवेदक नावं घ्यायचा आणि हे डोळे मिटून ऐकायचे. जिंकले तरी काही बोलायचे नाहीत. मी बरण्यांना हात लावणं सोडलं होतं. मोहरी कुठे आहे ते आता नेहमी माहीत असायचं, आणि ते मला मुळीच आवडायचं नाही.

"कोण आहेत आता?" मी एकदा विचारलं.

"कुणी आहेत. चांगले खेळतात." आवाज जरा बारीक करून म्हणाले, "मी यातल्या एकालाही बघितलेलं नाही."

"मग ऐकता कशाला?"

"बंद करवत नाही."

सातव्या महिन्यात मी निघाले. मुंबईहून भाऊ न्यायला आला होता. वाटेत त्याने काही सांगितलं नाही, सांगायचं काही राहिलंच नव्हतं. घोटीच्या पुढे भाताची कापणी चालली होती. सिन्नरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि घराला आतून दिवा लागलेला होता.

गाडीत लेक विचारते, "आई, झालं का बघून? निघायचं?" मी काच वर करते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचे वडील गेले तेव्हा ती इथेच होती, आणि तिला फोन मी स्वतः केला. लोक म्हणाले, आधी नुसतं सीरियस सांग, पोरगी एकटी आहे. मी तिला पहिल्याच वाक्यात सांगितलं, की बाबा गेले. ती किंचाळली ते मी सगळं ऐकलं, फोन कानाचा काढला नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

त्या दिवशी सिन्नरला मी दाराशी उभी राहिले. वहिनी भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, अजून पदर सावरायची सवय नसलेली. तिने माझ्यावरून तुकडा ओवाळला, लांब टाकला. पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. सगळं आई करायची तसंच, त्याच क्रमाने. तिने कुणाकडून तरी नीट विचारून घेतलं असणार. आतून मेथीच्या पेजेचा वास येत होता. डिंक फोडून ठेवलेला दिसत होता. मऊ केलेल्या लुगड्यांची घडी खाटेवर होती. माहेरात जे जे असायला हवं होतं ते सगळं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

वहिनीचा चेहरा पडला. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "आत येताय ना?"

मी तिच्याकडे बघितलं. बिचारी माझ्या आईची जागा भरायला उभी होती, आणि तिला त्या घरात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. मी तिच्या हातातला तांब्या घेतला, खाली ठेवला आणि म्हटलं, "पेजेचा फार छान वास येतोय गं. मला भूक लागलीय."

आणि मी आत गेले.